दूध कट्टा: पेला तोंडाला लावण्याआधी

शाळेच्या पुस्तकात 'चतुष्पाद' असतो, दूध कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून ताजं दूध पेल्यातून देतात त्या जागी, तो शब्द कुणी काढत नाही. तिथं 'जनावर', आणि जनावर म्हणजे म्हस. (मूळ फारसी अर्थ नुसता 'जीव असलेला', म्हणून तर रात्री सापालाही जनावर म्हणतात, पाय एकही नसताना.)

कोल्हापुरात गंगावेशीचा कट्टा प्रसिद्ध. पण कट्टा कुठलाही असो, पारख जनावरावरून करायची. लांब, तलवारीसारखी मागं गेलेली शिंगं दिसली तर पंढरपुरी म्हस. मुऱ्हा जातीच्या म्हशीपेक्षा अंगानं लहान, दूधही कमी. मात्र गिऱ्हाइकासमोर थोडी थोडी धार द्यायला हिच्यासारखी दुसरी नाही. म्हशीच्या दुधाला फॅट सहा ते आठ टक्के, गाईच्या साधारण साडेतीन-चार. ओठावर साय जाणवते ती यामुळं.

आधी रेडकू सोडतात, ते चार चोखे घेतं, म्हस पान्हा सोडते. मग कास धुऊन पुसायची आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा बाजूला टाकायच्या. सडाच्या तोंडाशी साचलेले जंतू त्यात असतात. घाईत नेमकं हेच राहतं. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देताना दिसलं तर सरळ उठावं, त्याला बंदी आहे.

धार उंचावरून पडते, त्यामुळं पेल्यात दुधाइतकाच फेस. दोन मिनिटं थांबा, मग माप कळतं. भरून मागायला लाजू नका.

'म्हस कधी व्याली?' हे जरूर विचारा. पहिल्या तीन-चार दिवसांचा चीक, तो खरवसाला. भाकड होत आलेल्या म्हशीचं दूध किंचित खारट लागतं. पण खारटपणाबरोबर गुठळ्या दिसल्या तर दगडीची (कास सुजण्याच्या रोगाची) शंका घ्या, ते दूध नकोच.

चवीला पूर्ण गुण. पेल्यांना नाही, काही ठिकाणी एकाच बादलीत बुचकळून पुढच्याच्या हातात देतात. स्वतःचा पेला न्यावा. शिवाय धारोष्ण कितीही गोड लागलं तरी कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) येऊ शकतो. लहान मुलं आणि गरोदर बायकांना ते देऊ नये. त्यांच्यासाठी डबा न्यावा, कोमट दुधावर झाकण घट्ट लावू नये, वास धरतो. घरी पोचताच उतू येईपर्यंत तापवावं.