एम नव्हता, आर आणि एन होते

भोसरीत आमचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. सहा लेथ, ऑफिसात चार कॉम्प्युटर. गुजरातमधल्या एका व्यापाऱ्याकडून नऊ वर्षं स्टीलचे बार घेतोय. 2023च्या दिवाळीआधी त्यांचा मेल आला, ‘ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका.’ सोबत आमच्याच मालाचं बिल. नंबर तोच, शिक्का तोच, बँक तेवढी वेगळी. अकाउंटंट ताई म्हणाल्या, “सर, एकदा फोन करू का?” मी म्हटलं, “कशाला? बिल त्यांचंच आहे की.” 4 लाख 86 हजार आरटीजीएसने गेले.

आठ दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन, “भाऊ, पेमेंट?”

मेलचा पत्ता मोठा करून बघितला. नावात जिथे इंग्रजी एम हवा, तिथे आर आणि एन एकमेकांना चिकटून बसले होते. चष्मा लावूनही चटकन कळत नाही.

पण बिल चोराच्या हाती लागलं कसं? कॉम्प्युटरवाल्या मुलाने आमच्याच मेलची सेटिंग उघडली. ‘इनव्हॉइस’ शब्द असलेला प्रत्येक मेल तीन आठवडे आपोआप एका परक्या पत्त्यावर जात होता. तसा नियमच चोराने सेटिंगमध्ये लावून ठेवला होता. नुसता पासवर्ड बदलून हे थांबत नाही, तो नियम शोधून काढावा लागतो. तुमची सेटिंग आजच बघा. आमचा पासवर्ड चौघांत एक, तोही मॉनिटरवर चिकटवलेला. ओटीपी बंद, कारण ‘रोज कोण टाकत बसणार’ असं मीच म्हणालो होतो. आणि फायरवॉलवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या राखणदारावर, मात्र 38 हजार घातलेले! मेल क्लाउडवर, म्हणजे ऑफिसबाहेरच्या सर्व्हरवर, चोर त्या फायरवॉलच्या वाटेला गेलाच नाही.

बँकेत कळलं, आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवत नाहीत. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत करायला लावली, म्हणजे आमचं झाल्यावर. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो नवव्या दिवशी. खात्यात 31 हजार उरले होते, तेवढेच गोठले.

व्यापाऱ्याला पैसे पुन्हा दिले, तीन हप्त्यांत. आता प्रत्येक मोठ्या पेमेंटआधी ताई त्यांच्या जुन्या कॅलेंडरवर छापलेल्या नंबरला फोन लावतात. परवा ते वैतागले, “बेन, हर बार पूछोगे क्या?”

“हां जी, हर बार.”