ट्रेलर घेताना मी एकाही गोष्टीला हात लावला नाही

जुना फोल्डिंग ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं मिटवतं घर, घेताना मला ज्या माणसानं फसवलं, तो फार मदत करणारा होता. हे सगळ्यात आधी सांगतो. फसवणारा म्हटलं की आपल्याला घाई करणारा, पैशांसाठी मागे लागणारा कोणीतरी आठवतो. हा तसा नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, ट्रेलरचा एकेक कप्पा स्वतः उघडून दाखवला, आणि मी कशाला हात लावायला गेलो की म्हणायचा, “तुम्ही कशाला हात काळे करता साहेब, मी आहे ना.” त्या दिवशी हे वाक्य मी निदान पाच वेळा ऐकलं असेल, आणि पाचही वेळा मला ते चांगुलपणाचं वाटलं.

आम्हाला ट्रेलर हवा होता तो लहान गाडीनं ओढण्याजोगा. फोल्डिंग ट्रेलरचं तेच आकर्षण. बंद केला की चाकांवर ठेवलेली एक बसकी पेटी. वाऱ्याला फारशी आडवी येत नाही, आरशात मागचा रस्ता दिसतो. मुक्कामी पोहोचलं की हँडल फिरवून छत वर न्यायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, कापडी भिंती ताणायच्या, झालं घर. ताठ भिंतींचे, त्रिकोणी छपरासारखे उघडणारेही असतात. तेही आम्ही पाहिले होते. उघडायला झटपट, ओल्या कापडाची कटकट कमी, पण चौघांना झोपायला जागा पुरेना. म्हणून कापडीच घ्यायचा ठरला.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे आहेत: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १००० किलोपर्यंत ओढा, नसतील तर ६०० किलो. हे आकडे पाठ करून मी गेलो होतो. म्हणजे अगदीच अडाणी नव्हतो. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रेलर थाटात उभा होता. छत वर, पलंग बाहेर, गाद्यांवर धुतलेल्या चादरी, आत सुगंधी फवारा मारलेला. आमचा वेळ वाचावा म्हणून त्यानं आधीच उभारून ठेवलं होतं, असं तो म्हणाला. आज मला कोणी विचारलं, तर याच वाक्याला उठून घरी यायला सांगेन. फोल्डिंग ट्रेलरमध्ये पाहण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो उघडताना काय होतं, आणि तेवढीच मला दिसली नाही. छत वर न्यायला आत पोलादी तारा असतात. त्या छोट्या चाकांवरून, म्हणजे कप्प्यांवरून (एकेक ती कप्पी), चारी कोपऱ्यांना जातात आणि हँडलनं फिरणाऱ्या एका रिळावर, म्हणजे विंचवर, गुंडाळल्या जातात. हँडल फिरवताना चारही कोपरे एकसारखे वर यायला हवेत.

मिटवताना मात्र मी समोर होतो. हँडल अर्थातच त्यानंच धरलं. एका हातानं फिरवत होता आणि मागच्या उजव्या कोपऱ्याला खांदा लावून उभा होता. मला वाटलं, सवयीचा माणूस आहे, प्रत्येकाची एक पद्धत असते. पुढच्या शनिवारी घरी मी एकट्यानं छत वर घ्यायला गेलो, तेव्हा त्या खांद्याचा अर्थ कळला. बाकीचे तीन कोपरे वर निघाले आणि तो कोपरा चार बोटं मागे राहिला. मी अजून दोन फेरे दिले. आतून खण्ण असा आवाज झाला आणि छत त्या बाजूला कलंडलं. सुदैवानं मुलं अजून आत शिरली नव्हती. नंतर झाकण काढून पाहिलं तर कप्पीजवळ तारेचे पदर सुटून झाडूसारखे झालेले, आणि ते दिसू नयेत म्हणून त्यावर बोटभर काळं ग्रीस थापलेलं. हात काळे झाले, पण उशिरा.

तार का तुटली तेही सांगतो, कारण त्यातून पुढचा धागा निघतो. छतावर एसी बसवलेला होता. हा त्यानं मोठ्या कौतुकानं दाखवला होता. असा छतावरचा एसी चाळीसेक किलोपर्यंत भरतो. छताच्या मूळ वजनावर हे ओझं पडलं की तारा आणि कप्प्या लवकर झिजतात, आणि छत किती भार पेलेल हे मॉडेलनुसार ठरलेलं असतं. मी तेव्हा एवढंच म्हणालो, “वा, एसीसुद्धा!”

आता वजन. मी विचारलं होतं, आणि त्यानं लगेच कंपनीचं छापील माहितीपत्रक काढून दाखवलं: ४३० किलो. पत्रक खरं होतं. पण ते वजन कारखान्यातून बाहेर पडलेल्या कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं. एसी, बाजूची छत्री, बॅटरी, गॅस सिलिंडर, नंतर बसवलेली ६० लिटरची टाकी, यांतलं काहीच त्यात नव्हतं. पाण्याचं तर सरळ आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. मी पुढे वजनकाट्यावर नेला तेव्हा टाकी रिकामी असताना आकडा आला ६४८. ब्रेकविना माझी गाडी ओढू शकते ६००.

ट्रेलरच्या चौकटीवर, बहुतेक पुढच्या दांड्याजवळ, एक पाटी असते. सामानासकट एकूण किती वजन चालेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्या ट्रेलरवर त्या जागी डोंगर आणि मावळत्या सूर्याचं मोठं स्टिकर होतं. मुलीला ते फार आवडलं होतं. महिन्याभरानं गरम पाण्यानं ते सोडवलं, तर खाली पाटी निघाली: ८००. म्हणजे ६४८ वजा जाता चौघांचं अंथरूण, भांडी, कपडे, पाणी, खुर्च्या, सगळ्याला मिळून १५२ किलो.

ब्रेकबद्दल त्याचं उत्तर होतं, “एवढ्या हलक्या ट्रेलरला लागतच नाहीत.” खाली वाकून पाहिलं असतं तर चाकांकडे गेलेली वायर दिसली असती. या ट्रेलरला विजेचे ब्रेक होते. अशा ब्रेकमध्ये ड्रमच्या आत विद्युतचुंबक असतो, आणि ते चालवायला ओढणाऱ्या गाडीत कंट्रोलर लागतो; तो नसेल तर ब्रेक असून नसल्यासारखे. आमच्यात एका चाकाचा चुंबकच काढलेला होता, आणि वायर प्लास्टिकच्या पट्टीनं नीट गुंडाळून ठेवली होती. काम सुबक होतं, हे मान्य करायला हवं.

जमिनीची गोष्ट माझ्या बायकोनं पकडली होती, मी पकडू दिली नाही. दाराशी पाय ठेवल्यावर ती म्हणाली, “इथे जरा दबतंय का रे?” त्या जागी जाडसर पायपुसणं होतं. तो हसून म्हणाला, “पायपुसणं आहे ना, म्हणून.” मीही हसलो. घरी नवंकोरं व्हिनाइल उचकटलं तेव्हा खाली एक पातळ प्लायवूड, आणि त्याच्या खाली जुनं, काळं पडलेलं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, ओल्या पावात जावा तसा. दाराच्या कोपऱ्यातून वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं. सुगंधी फवारा कशासाठी होता ते तेव्हा समजलं. ट्रेलर पाहायला जाल तेव्हा पायपुसणी, गालिचे सगळं बाहेर काढायला लावा, टाचेवर भार देऊन कडेकडेनं आणि चाकाच्या उंचवट्याभोवती चाला, आणि टॉर्च घेऊन खालून पाहा. आत सुगंध दरवळत असेल, तर दारं बंद करून तासभरानं पुन्हा आत जा.

टायरवर फार लिहीत नाही. नक्षी चांगली होती, कडा काळ्या रंगानं चकाकत होत्या. टायर कधी बनला ते चार आकड्यांत कोरलेलं असतं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल; पण अनेकदा ते एकाच बाजूला असतं. आमच्या दोन्ही टायरची ती बाजू आत होती. आकडा निघाला ११०९, म्हणजे २००९ सालचा अकरावा आठवडा. मी ट्रेलर घेतला २०२२ मध्ये. ट्रेलर बराच काळ उभाच असतो, त्यामुळे टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो.

घरी येतानाचा प्रवास मात्र सांगायलाच हवा. ट्रेलर ज्याला अडकतो तो गोळा, म्हणजे बॉल, गाडीच्या मागे त्यानंच लावून दिला, फुकट. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी, म्हणजे कपलर, बॉलवर बसवला, खटका ओढला, साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून तिरप्या अडकवल्या. हे सगळं त्यानंच केलं. शिवाय जाता जाता एक सल्ला दिला: सामान मागच्या टोकाला ठेवा, म्हणजे तुमच्या गाडीवर भार येत नाही. मी ऐकलं. गाडीचं बूड खरंच खाली बसलं नाही. बसलं असतं, तर मला तिथेच वजनाची शंका आली असती.

दांड्यावर थोडा भार पडायलाच हवा. अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात ५ ते ७. आपल्या गाडीची आणि हिचची, म्हणजे बॉल ज्यावर बसतो त्या गाडीमागच्या जोडाची, मर्यादा त्यांच्या पुस्तिकेत असते, ती ओलांडायची नाही. पण भार फार कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आमचा उतारावर हलायला लागला, शेजारून एक मोठा ट्रक गेला तेव्हा. आधी हळूच, मग स्टिअरिंग हातात फिरावं इतका. मी नशिबानं ब्रेक दाबला नाही, फक्त पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. बायको एक शब्द बोलली नाही. नंतरही दहा मिनिटं बोलली नाही.

पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा गाडी हलली की मागून खट् खट् येतंय असं लक्षात आलं. ट्रेलरच्या दांड्याला असलेलं टेकूचं चाक खाली सोडून मी दांडा वर उचलू लागलो. नीट अडकला असेल तर गाडीचं मागचं अंगही त्याच्याबरोबर उचललं जातं. इथे कपलर एकटाच अलगद वर आला, बॉल तिथेच राहिला. कपलर २ इंची होता आणि त्यानं लावून दिलेला बॉल १ पूर्णांक ७/८ इंचाचा. मापं एवढी जवळची की खटका लागल्यासारखा वाटतो. माप बॉलच्या माथ्यावरच कोरलेलं असतं. वाचायला चष्मासुद्धा लागत नाही.

त्याला फोन केला. त्यानं तिसऱ्या वेळी उचलला. आवाज तसाच गोड. म्हणाला, “पण साहेब, तुम्ही स्वतः बघूनच घेतलात ना?” कागदावर ‘जसा आहे तसा’ लिहून माझी सही होती. जाहिरात तोवर काढून टाकलेली, आणि तिचा फोटो मी ठेवलेला नव्हता. वजन, ब्रेक, गळती, सगळं आम्ही फोनवर बोललो होतो. हेच तीन प्रश्न लेखी संदेशात विचारले असते, तर निदान दाखवायला काही उरलं असतं. ज्या वकिलांना विचारलं त्यांनीही पहिला प्रश्न हाच केला: लिहून दिलेलं काही आहे का?

दोन वर्षं मी तो दुरुस्त करत राहिलो. जमीन नवी, तारा नव्या, टायर नवे, चुंबक आणि कंट्रोलर बसवले, एसी काढून टाकला. मग विकायला काढला. दोष आणि केलेली कामं, दोन्ही जाहिरातीत लिहिली, त्यामुळे बरेच दिवस कोणी फिरकलं नाही.

शेवटी एक जोडपं आलं. छत मी मुद्दाम बंदच ठेवलं होतं. हँडल त्या मुलाच्या हातात दिलं आणि मी चार पावलं मागे जाऊन उभा राहिलो. त्याला वाटलं मी आळशी आहे. धापा टाकत त्यानं छत वर नेलं, चारही कोपरे वाकून पाहिले. त्याची बायको तोवर आत जाऊन टाचा आपटत होती. “वजन किती?” त्यानं विचारलं. मी काट्याची पावती पुढे केली.

त्यानं ती वाचली, घडी करून मला परत दिली. “राग मानू नका काका,” तो म्हणाला, “पण काट्यावर एकदा मीच घेऊन जातो.”

मी किल्ली दिली.