नोकरी इंग्रजी शिक्षिकेची, व्हिसा मात्र व्यापाऱ्याचा : चीनमध्ये झालेली फसवणूक

चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी देतो असे सांगून जो तुमच्या पासपोर्टवर एम व्हिसा, म्हणजे व्यापारी भेटीचा व्हिसा, चिकटवून आणतो, तो तुम्हाला फसवत आहे. एवढे एक वाक्य २०१८ च्या सप्टेंबरात मला कोणी सांगितले असते, तर माझ्या वडिलांची पतसंस्थेतील ठेव मोडावी लागली नसती. परदेशी नोकरीच्या नावाखाली पैसे कसे उकळले जातात हे आता सर्वांनाच माहीत आहे, त्यामुळे ती कथा मी नव्याने सांगत नाही. माझ्या बाबतीत नोकरी खोटी नव्हती, शाळा खोटी नव्हती आणि विमानाचे तिकीटही खरे होते. खोटा होता तो फक्त माझा तिथे काम करण्याचा अधिकार, आणि म्हणूनच हे प्रकरण सरळ पैसे घेऊन पळून जाणाऱ्यांपेक्षा अधिक घातक आहे, कारण यात शेवटी गुन्हेगार आपणच ठरतो.

'एवढी शिकलेली असून फसलीस कशी' हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि एका हवालदारानेही विचारला आहे. मी इंग्रजीत एम.ए. आहे, बी.एड. आहे, सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे आणि सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. ज्यांनी सीएचबीवर, म्हणजे अशा तासिका तत्त्वावर, वर्षे काढली आहेत त्यांना मानधन कधी हातात पडते हे सांगण्याची गरज नाही, आणि कायमच्या जागेसाठी कोणता आकडा दबक्या आवाजात सांगितला जातो हेही नाही. इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी अशिक्षिताला विकता येत नाही. तिचे गिऱ्हाईक माझ्यासारखेच असते आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

पुण्यातील ज्या कार्यालयात मी गेले, ते 'एज्युकेशन कन्सल्टन्सी' म्हणवून घेत होते. तिथले 'सर' मला मॅडम म्हणत, वडिलांना काका म्हणत, आणि चहा आल्याशिवाय पैशाचा विषय काढत नसत. महिना १२,००० युआन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वा लाखाच्या आसपास, राहायला मोफत फ्लॅट, करार संपल्यावर विमानभाड्याची परतफेड आणि अर्थातच नोकरीचा झेड व्हिसा, असे सगळे त्यांनी सांगितले. 'डॉ. कोटणीसांच्या महाराष्ट्रातून आलो म्हटले की तिथे दारे उघडतात, काका,' हे त्यांचे वाक्य वडिलांना फार भावले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातील जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या नावाचा असाही उपयोग होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळायला हवे होते, असे आता म्हणणे सोपे आहे.

घेतलेल्या रकमा अशा. नोंदणीचे १२,००० रुपये, पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचे २८,५००, टेफलच्या, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याच्या, ऑनलाइन प्रमाणपत्राचे १८,००० आणि 'व्हिसा व प्लेसमेंट' या नावाखाली ९५,०००. एकूण १,५३,५०० रुपये. यांपैकी पावती मिळाली ती फक्त १२,००० रुपयांची, आणि तिच्यावर 'समुपदेशन शुल्क' असे लिहिले होते. ९५,००० पैकी ५०,००० एका महिलेच्या बचत खात्यात भरायला लावले, उरलेले ४५,००० रोख घेतले. जाण्याचे तिकीट ३१,४०० रुपयांचे, तेही माझ्याच पैशांनी. संस्थेच्या नावाचे चालू खाते सोडून दुसऱ्या कोणाच्या खात्यात पैसे मागितले, तर तिथूनच उठून यावे.

आता त्या क्षणाविषयी लिहिते, ज्याच्यामुळे अजूनही रात्री झोप उडते. ऑक्टोबरच्या अखेरीस पासपोर्ट परत आला. व्हिसावर मोठ्या अक्षरात एम होते आणि प्रत्येक वेळी ३० दिवस राहण्याची मुभा होती. मी लगेच विचारले, विचारले नाही असे नाही. सर हसून म्हणाले की झेड व्हिसाचा कोटा सध्या भरला आहे, सगळे शिक्षक असेच जातात आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याभरात शाळाच तो बदलून देते. त्या पासपोर्टमध्ये अर्जासोबत जोडलेल्या निमंत्रणपत्राची प्रत घडी घालून तशीच राहिली होती. ते पत्र कोणत्याही शाळेचे नव्हते. औद्योगिक झडपा बनवणाऱ्या एका कंपनीने मला, म्हणजे शेक्सपिअर आणि व्याकरण शिकवणाऱ्या बाईला, खरेदीपूर्व पाहणीसाठी बोलावले होते. मी ते पत्र वाचले. दोनदा वाचले. आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिले.

का ठेवून दिले, याचे माझ्यापाशी उत्तर आहे आणि ते मी लपवणार नाही. तोवर दीड लाख गेले होते, तिकीट निघाले होते, महाविद्यालयातील तासिका दुसऱ्या कोणाला दिल्या गेल्या होत्या आणि गावात पेढे वाटून झाले होते. आमच्याकडे मुलीची परदेशी नोकरी ठरल्यावर ती 'एका अक्षरामुळे' रद्द झाली असे सांगायला घरी कोणत्या तोंडाने जाणार? त्यांनी पैसे टप्प्याटप्प्याने घेतले ते यासाठीच. व्हिसा हातात येईपर्यंत मागे फिरणे परवडू नये, इतके ते आधीच काढून घेतात.

चीनचा नियम असा आहे. नोकरीचा झेड व्हिसा मिळण्यासाठी आधी चीनमधील मालकाने तिथल्या शासनाकडून तुमच्या नावाचे कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवावे लागते. ते पत्र नसेल तर झेड व्हिसा निघतच नाही, त्यात कोटा वगैरे काही नसते. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर लागू झालेल्या परदेशी कर्मचाऱ्यांच्या अ, ब, क अशा वर्गवारीत भाषाशिक्षकासाठी तत्त्व असे आहे की त्याने ज्या देशाचा तो नागरिक आहे त्या देशाची मातृभाषा शिकवावी. व्यवहारात याचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे मोजक्या देशांचा पासपोर्ट. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षकाचा परवाना सहसा मिळत नाही, मग पदवी कितीही उत्तम असो. माझी सेट, माझे टेफल, मंत्रालयापासून चिनी वाणिज्य दूतावासापर्यंत फिरून आलेले शिक्के, सगळे निरुपयोगी होते आणि ज्यांनी त्यांचे ४६,५०० रुपये घेतले त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.

नोव्हेंबरात मी हेनान प्रांतातील झेंगझोऊला पोहोचले. शाळा म्हणजे एका व्यापारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचे शिकवणी केंद्र होते, तीन ते सहा वर्षांची मुले आणि शनिवार-रविवार दिवसभर तास. मला लिसा हे नाव देण्यात आले आणि पालकांनी विचारले तर लंडनची आहे असे सांगायचे, अशी ताकीद मिळाली. मुले गोड होती, सोबतची चिनी शिक्षिका मनाने चांगली होती, सकाळी रस्त्यावर मिळणारे मिरीचे झणझणीत हूलाथांग सूप त्या थंडीत खरोखर बरे वाटायचे, हे न लिहिणे अन्यायाचे होईल. पण फ्लॅट मोफत नव्हता, त्याचे दरमहा २,००० युआन कापले गेले. 'अनामत' म्हणून आणखी ३,५०० कापले. १२,००० च्या जागी हातात आले ६,५००, आणि तेही वीचॅट या चिनी मोबाइल अ‍ॅपवर मध्यस्थाच्या खात्यातून, कारण माझ्या व्हिसावर बँकेने खाते उघडून दिले नाही. वेतनपावती नाही, मालकाच्या नावाचा एकही व्यवहार नाही. नंतर मला जेव्हा पुरावा मागितला गेला, तेव्हा माझ्याकडे दाखवायला कोणा तिसऱ्याच माणसाने पाठवलेली दोन हस्तांतरणे होती.

पासपोर्ट पहिल्याच दिवशी केंद्राच्या मालकिणीने 'निवास परवान्यासाठी' मागून घेतला. निवास परवान्यासाठी पासपोर्ट पोलिसांच्या आगमन-निर्गमन कार्यालयात जमा करतात आणि त्याची पावती मिळते. ती पावती दाखवली जात नसेल, तर पासपोर्ट कोणाच्या तरी खणात पडला आहे असे समजावे. तसेच हॉटेलात न उतरणाऱ्या परदेशी माणसाने पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद करावी लागते. माझी ती नोंदही कोणी करू दिली नाही.

महिना संपत आला तरी व्हिसा बदलला नाही. त्याऐवजी मला पासपोर्ट परत देऊन हाँगकाँगला जाऊन येण्यास सांगण्यात आले, म्हणजे ३० दिवस नव्याने सुरू होतात. भारतीयांना हाँगकाँगला जाण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते हेदेखील मलाच शोधून काढावे लागले. त्या फेरीचे २,९४० युआन माझ्या खिशातून गेले. पुण्याच्या सरांना मी व्हॉट्सअॅपवर लिहीत राहिले. चीनमध्ये ते बंद असते, ही बंदी ओलांडणारे व्हीपीएन कधी चालते, कधी चालत नाही, आणि याच सबबीखाली त्यांनी नंतर 'मॅडम, तुमचे मेसेज आलेच नाहीत' असे सांगितले. निळ्या खुणा माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत.

तपासणी येणार असली की आम्हा परदेशी शिक्षकांना मागच्या जिन्याने शेजारच्या नूडल्सच्या दुकानात पाठवले जाई. जानेवारीत एका शनिवारी ती पूर्वसूचना आली नाही. पोलीस सभ्यपणे वागले, दुभाष्या आणला, आणि मला कायदा समजावून सांगितला. २०१३ पासून लागू असलेल्या तिथल्या कायद्यानुसार परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवसांची कोठडीही. मला ५,००० युआन दंड झाला आणि मुदतीत देश सोडण्यास सांगण्यात आले. मालकिणीने दुभाष्यासमोर सांगितले की ही आमची कर्मचारी नाही, सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी आलेली पाहुणी आहे. मी सही केलेल्या कराराच्या चिनी प्रतीत तसेच लिहिले होते आणि वाद झाल्यास चिनी मजकूर ग्राह्य धरावा हे कलम इंग्रजी प्रतीतही होते. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीपूर्वीचा जानेवारीचा पगार मिळाला नाही. अनामत मिळाली नाही. श्रमविवादात दाद मागण्याची सोयही नव्हती, कारण परवाना नसलेल्या परदेशी व्यक्तीचे मालकाशी श्रमसंबंध आहेत असे तिथली न्यायव्यवस्था मानतच नाही. चोराने तुमच्याच हातून कुलूप फोडून घ्यावे, मग तक्रार कोणाविरुद्ध करणार? परतीचे तिकीट ३८,७०० रुपये. सगळे मिळून नुकसान ३,०५,००० रुपयांच्या घरात गेले, बुडालेला पगार आणि अनामत त्यात धरलेली नाही.

आणि मग आपले लोक. पोलीस ठाण्यात सांगितले गेले की घटना चीनमध्ये घडली, आमची हद्द नाही. पैसे पुण्यात घेतले, खाते पुण्यातले, कार्यालय पुण्यातले, तरी हद्द नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, वकील करा. तिसऱ्या टेबलावरील साहेबांनी पावती पाहिली आणि विचारले, 'समुपदेशन तर मिळाले ना तुम्हाला?' परदेशी रोजगाराशी संबंधित एका सरकारी कार्यालयात कळले की चीन हा स्थलांतरासाठी आधी मंजुरी लागणाऱ्या देशांत येत नाही, म्हणून 'तुमचे प्रकरण आमच्याकडे नीट बसत नाही'. मी १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमातील कलम १० त्यांच्यापुढे ठेवले, ज्यानुसार नोंदणी नसलेल्या कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसे भरता येत नाहीत, मग देश कोणताही असो. त्यावर उत्तर मिळाले की ती संस्था भरती करते असे कुठे लिहिले आहे, ती तर शिक्षण सल्लागार आहे. म्हणजे पाटीवर काय लिहायचे हे ज्याला कळले तो कायद्यातून सुटला. आणि न सुटला तरी काय? या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात २,००० रुपयांपर्यंत आहे. कैद दोन वर्षांपर्यंत आहे म्हणतात, ती कोणी भोगलेली मी तरी पाहिलेली नाही. ऑनलाइन तक्रारीला क्रमांक मिळाला, तक्रार 'संबंधितांकडे वर्ग' झाली, तिथून पुन्हा मूळ जागी वर्ग झाली आणि अखेर 'निकाली' असा शेरा आला. काय निकाली निघाले, ते शेऱ्यात नव्हते.

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटीपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि अशा एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर उघड आहे. हे मला त्या कार्यालयातील एका शिपायाने जिन्यात सांगितले, साहेबांनी नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, त्यामुळे आता तसल्या जाहिराती थांबल्या असतील असे मला वाटले होते. त्या थांबलेल्या नाहीत, 'बालवाडी', 'कला केंद्र' अशा नावांनी सुरू आहेत. कामाच्या परवान्याचे सूचनापत्र तुमच्या नावाने, तुमच्या पासपोर्ट क्रमांकासह हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, आणि तिथे गेल्यावर बदलून मिळेल हे वाक्य ऐकताच कागदपत्रे परत मागा.

गेल्या वर्षी त्या सरांनी मध्यस्थामार्फत २०,००० रुपये देऊ केले, तक्रार मागे घेतल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्याच्या अटीवर. मी सही केलेली नाही. त्याच कार्यालयात पैसे भरलेल्या ज्यांना असा निरोप येईल, त्यांनीही तो लेखी मागावा, कारण पैसे घेतल्याची कबुली त्यांच्याकडून आजवर फक्त त्या प्रतिज्ञापत्राच्या कागदातच आली आहे.