पंपाचा झिजलेला शाफ्ट: आर्क स्प्रे की एचव्हीओएफ?

ग्लँड पॅकिंगखाली (पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी) शाफ्टवर खाच पडली आहे, नख फिरवलं की अडकतं. शाफ्ट वाकण्याची भीती असल्याने वेल्डिंग नको. मग झिजलेली जागा भरायला वितळलेला धातू फवारायचा, तर स्प्रे कोणता?

आर्क स्प्रेमध्ये दोन तारा विजेच्या ठिणगीने वितळतात आणि हवेच्या झोताने शाफ्टवर बसतात. खाली निकेल-ॲल्युमिनियमचा थर, वर १३ टक्के क्रोम स्टील. एक-दीड मिलिमीटर भर सहज मिळते, खर्च कमी. बेअरिंग सीट (शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा) सैल झाली असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन. पण थर सच्छिद्र राहतो. छिद्रं बुजवणारा सीलर लावला नाही तर पाणी आत शिरून तळाशी गंज धरतो.

एचव्हीओएफ म्हणजे इंधन आणि ऑक्सिजनच्या ज्वालेतून पावडर अतिवेगाने मारण्याची पद्धत. तिने टंगस्टन कार्बाइड मारलं की कडकपणा साधारण १००० ते १२०० व्हिकर्स (कडकपणाचं माप), सच्छिद्रता एक टक्क्याच्या आत. गाळमिश्रित पाण्यात ग्लँडच्या जागी हेच टिकतं. मात्र थर ०.१ ते ०.३ मिमीच, आणि फिनिशिंगला डायमंड व्हील हवंच. खाच खोल असेल तर आधी जागा एकसारखी उतरवून घ्यावी लागते.

शाफ्टला तडा असेल तर दोन्ही नकोत. स्प्रेने माप परत येतं, ताकद नाही.