घरी येऊन रक्त नेणारी सीआरपी तपासणी: ५ पैकी ३ तारे

वजन ९४ किलो, साखर सीमारेषेवर, म्हणून हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची बारीक मोजणी) करून घेतली. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका, रिपोर्टही वेळेवर. आकडा ४.६. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर म्हणजे हृदयाला धोका जास्त. पण नुकताच ताप येऊन गेलाय का, हे कुणी विचारलंच नाही! मला आला होता, आणि तापानेही सीआरपी चढतं. दोन आठवड्यांनी पुन्हा केली, तरी ३.४.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं: फुगलेल्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. त्या टीएनएफ आणि आयएल-६ हे दाह वाढवणारे संदेश-रेणू सोडतात: टीएनएफमुळे इन्सुलिनचं काम अडतं, आयएल-६ यकृताला सीआरपी बनवायला लावतं. रिपोर्टमध्ये एवढं तरी लिहायला हवं होतं.