हँड कंट्रोल: ढकला की ब्रेक, ओढा की रेस

ऑटोमॅटिक गाडीला बसणारं हे साधं यांत्रिक हँड कंट्रोल. स्टिअरिंगखाली एक दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की रेस. सेन्सर नाही, त्यामुळे बिघाड शोधायला सोपा. पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळेपणा असलेल्या चालकासाठी उत्तम. हाताची पकडच गेली असेल तर याच्या नादी लागू नका.

खरी कसोटी कसारा घाटात. उतारावर ब्रेक हाताने दाबून धरला की खांदा भरून येतो, वर ब्रेक तापतात ते वेगळंच. खालचा गिअर लावून इंजिनावरच गाडी रोखायची. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत एक हात दांड्यावर अडकलेला, म्हणून स्टिअरिंगला फिरवायची मूठ हवीच.

बसवून घेताना ब्रेक पेडलवरचा क्लॅम्प नीट बघा. तो सरकला तर दांडा पुढे जातो, पण पेडल पूर्ण दबत नाही. सुरुवातीच्या दिवसांतच बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पेडलपुढे पत्र्याची आडकाठीही लावाच. स्पॅझम (स्नायूंचा आपोआप येणारा झटका) आला की पाय ताठतो, आणि संवेदना नसल्याने तो रेसवर पडलाय हे कळतही नाही. जादा खर्च म्हणून ती टाळतात, साफ चूक. दांडा गुडघ्याला घासत असेल तर जखमही उशिराच दिसते.

पेठ रोडच्या आरटीओत आरसीवर बदलाची नोंद करा, विमा कंपनीला कळवा. घरचेही गाडी पायाने चालवू शकतात, फक्त आडकाठी काढता येणारी घ्या.