प्लेअरसाठी सॅनडिस्क अल्ट्रा २५६ जीबी घेतलं, एक्स्ट्रीम का नाही घेतलं ते सांगते

निकाल आधीच सांगून टाकते. गाणी ऐकायच्या खिशातल्या प्लेअरसाठी सॅनडिस्कचं अल्ट्रा हे मायक्रोएसडी मेमरी कार्ड पुरून उरतं, त्याच कंपनीच्या जास्त वेगवान एक्स्ट्रीमवर जास्तीचे पैसे घालू नका, तेच पैसे पुढच्या साइजमध्ये घाला. एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा पाल्हाळ लावते, कारण हल्ली जो तो विचारतो की यू३ घेऊ का, ए२ लागेल का, व्ही३० नसेल तर हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाव्याची गाणी अडकतील का, आणि उत्तरं देणारे बिनधास्त "सगळ्यात फास्ट घे" म्हणून मोकळे होतात.

अहो, कार्डावर छापलेली ही सगळी चिन्हं कॅमेऱ्यासाठी आणि मोबाइलसाठी आहेत. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबीचा वेग, तो ४के व्हिडिओ शूट करणाऱ्याला लागतो. यू३ म्हणजेही तेच ३० एमबी, यू१ आणि क्लास १० म्हणजे १० एमबी. आता गाण्याचं गणित बघा. ३२० केबीपीएसचं एमपी३ सेकंदाला फक्त ४० केबी मागतं. सीडीवरचं गाणं फाइल अजिबात न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलं तरी १७६ केबी, आणि फ्लॅक केलं, म्हणजे दर्जा न घालवता फाइल लहान केली, की त्याहून कमी. २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, जे ऐकून लोक भुवया उंचावतात, ते न दाबता साधारण १.१५ एमबी. डीएसडी२५६ हा त्याहून जड फाइलचा प्रकारसुद्धा पावणेतीन-तीन एमबीच्या आत आहे. म्हणजे जुनाट कार्डसुद्धा ही गाणी आरामात वाजवेल. गाणं अडखळत असेल तर कार्ड खराब आहे, नाहीतर नकली आहे, नाहीतर प्लेअरचा प्रोसेसर दमलाय, "स्लो कार्ड" हे कारण जवळजवळ कधीच नसतं.

वेग लागतो तो एकाच ठिकाणी, गाणी भरताना. २०० जीबी भरायची आणि लिहिण्याचा वेग २० एमबी असेल तर पावणेतीन तास, ६० असेल तर तासाच्या आत काम होतं. फरक आहेच, नाही म्हणत नाही, पण हे काम पहिल्यांदा एकदाच असतं, नंतर अधूनमधून दोन-चार अल्बम टाकायचे, त्याला काय लागतंय. आणि खरी गंमत अशी की बरेच जण कार्ड प्लेअरमध्येच ठेवून प्लेअर केबलने कॉम्प्युटरला लावतात, पुष्कळ प्लेअरचा पोर्ट यूएसबी २ चा असतो, तिथे कुठलंही कार्ड घाला, ३०-४० च्या वर गाडी जात नाही आणि बऱ्याचदा तितकीही नाही. म्हणून एक्स्ट्रीमचे पैसे वाचवा आणि त्यातून एक बरा यूएसबी ३ चा कार्ड रीडर घ्या, फरक तिथे दिसेल. पाकिटावरच्या मोठ्या आकड्यांचं म्हणाल तर यूएचएस-वन या, अशी कार्डं ज्याने डेटा देतात-घेतात त्या पद्धतीची स्वतःची मर्यादाच १०४ एमबी आहे, त्याच्या वरचे १५०, १९० वगैरे आकडे कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतात, आणि ते असतात वाचण्याचे. लिहिण्याचा वेग बऱ्याचदा बारीक अक्षरात छापतात किंवा छापतच नाहीत, ही मला चीड आणणारी गोष्ट आहे.

ए१ आणि ए२ बद्दल. हे मोबाइलमध्ये कार्डवरून ॲप चालवण्यासाठी, म्हणजे छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून किती पटापट वाचता-लिहिता येतात त्याचं माप. प्लेअर लायब्ररी स्कॅन करतो तेव्हा प्रत्येक फाइलचे टॅग, म्हणजे गाणं-गायक-अल्बमची नावं, असेच वाचतो, त्यामुळे थोडा उपयोग होईल असं वाटणं साहजिक आहे. पण ए२ चा फायदा मिळायला समोरच्या यंत्रानेही त्याला साथ द्यावी लागते, कार्डला कामांची रांग लावून देणं वगैरे, ती साथ नसेल तर जास्तीचे पैसे वाया. स्कॅन रेंगाळत असेल तर आधी अल्बमची चित्रं बघा. लोक प्रत्येक गाण्यात ३०००×३००० चं कव्हर कोंबतात आणि मग प्लेअरला शिव्या घालतात! ५००-६०० पिक्सेलचं साधं जेपेग ठेवा, स्क्रीनच केवढी असते त्याची.

साइज किती घ्यावी? फ्लॅकचा अल्बम साधारण ३००-४०० एमबी धरला तर २५६ मध्ये सहाशे-सातशे अल्बम बसतात, ३२० ची एमपी३ असतील तर पंचवीस हजार गाणी सहज. कॉम्प्युटरवर २३८ जीबीच दिसेल, घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, चोरी वगैरे काही नाही. हाय-रेझ आणि डीएसडीवाल्यांनी मात्र सरळ ५१२ कडे बघावं.

प्लेअर जुना असेल तर आधी त्याचं मॅन्युअल काढा. २ च्या वर ३२ जीबीपर्यंतचं कार्ड म्हणजे एसडीएचसी, त्यावर फाइल मांडून ठेवायची फॅट३२ ही पद्धत असते, त्याच्या वरचं एसडीएक्ससी आणि ते एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतं. जुन्या प्लेअरला एक्सफॅट कळत नाही म्हणून कार्ड दिसतच नाही. अशा वेळी मोठं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घातलं की पुष्कळ जुने प्लेअर ते गुपचूप वाचतात, कंपनीने ३२ लिहिलेलं असलं तरी. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय सहसा मिळत नाही, रूफससारखं छोटं फुकट सॉफ्टवेअर लागतं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण एवढं लांब गाणं कोण ऐकतंय. नव्या प्लेअरमध्ये ही भानगड नाही, प्लेअरच्याच सेटिंगमधून फॉरमॅट करा आणि विसरा. मॅकवाल्यांना एक सांगणं, कॉपी केल्यावर टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल कार्डवर राहतात आणि काही प्लेअरवर प्रत्येक गाणं दोनदा दिसतं, त्यातलं एक वाजतच नाही. कार्ड काढण्याआधी त्या साफ करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नकली कार्ड. यात वरचं पाकीट हुबेहूब असतं, आतली चिप ३२ जीबीची आणि कॉम्प्युटरला ती २५६ सांगते. पहिली गाणी छान वाजतात, पुढची नावं दिसतात पण वाजत नाहीत, आणि माणूस प्लेअर दुरुस्तीला नेतो. म्हणून कार्ड आलं की गाणी टाकायच्या आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३ हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण कार्ड भरतं आणि परत वाचून तपासतं, तासन्‌तास लागतात, रात्री लावून झोपा. माझं कार्ड यात स्वच्छ पास झालं. ऑनलाइन घेताना पानावरचं कंपनीचं नाव बघून हुरळू नका, खाली विक्रेता कोण लिहिलाय ते वाचा, आणि १ टीबी फारच स्वस्त दिसत असेल तर पुढे चला.

आणि हो, कार्डामुळे आवाज बदलतो का. सोनीने २०१५ मध्ये खास चांगल्या आवाजासाठी म्हणून ६४ जीबीचं कार्ड काढलं होतं, वाचताना विद्युत गोंगाट कमी होतो असं म्हणत. मला काही पटत नाही. फाइल जशीच्या तशी वाचली गेली की कार्डाचं काम संपलं, उरलेलं काम डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि हेडफोनचं. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यात संध्याकाळ जाते.

अल्ट्रा हाताशी नसेल तर सॅमसंगचं एव्हो प्लस बघा, तेही चालेल, जे स्वस्त पडेल ते. डॅशकॅमसाठी (गाडीतल्या सतत चालू कॅमेऱ्यासाठी) येणारी एन्ड्युरन्स कार्डं घेऊ नका, ती सतत लिहिण्यासाठी बनवलेली असतात, आपण एकदा लिहून वर्षभर वाचतो. कॉम्प्युटरवर मूळ गाण्यांची कॉपी ठेवाच, आणि कार्ड स्लॉटमधून काढताना दुसरं बोट पुढे धरा, स्प्रिंगने टुणकन उडतं आणि नखाएवढी वस्तू सोफ्याखाली शोधणं म्हणजे ताप आहे.